शेडबरोबर आलेला आत्मारामकाका

आमच्या कॉलेजने रत्नागिरीजवळ मिरजोळ्याच्या एमआयडीसीतली ती शेड विकत घेतली, तेव्हा शेडबरोबर पत्रे आले, गंजके खांब आले, मासळीचा वास आला आणि आत्मारामकाका आला. शेडमध्ये आधी बर्फाचा कारखाना होता. मिरकरवाड्यातल्या होड्यांना तिथून बर्फ जायचा. कारखाना बुडाला, मालक मुंबईला पळाला, कामगार पांगले, पण काका काही हलला नाही. रोज सकाळी यायचा, कुलूप उघडायचा, बिडी ओढायचा आणि दुपारी कुलूप लावून घरी जायचा. असं वर्षभर. पगार कोण देतंय, कशाला येतोय, कुणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. संस्थेची मंडळी शेड बघायला आली तेव्हा हा आत फळीवर घोरत होता. त्यांनी त्याला तसाच शिपाई करून टाकला. माझ्या बघण्यातली ही एकच सरकारमान्य झोप.

बाहेर बोर्ड लागला, 'वस्त्र व परिधान अभियांत्रिकी विभाग'. बोर्ड केवढा, तर आतल्या सगळ्या सामानापेक्षा मोठा. आत काय, तर एक हातमाग, तोही ढिल्या खाटेसारखा लवलेला. पायाने चालवायच्या चार शिलाई मशिनी, आमच्या घरी असतात तशाच. आणि भिंतीवर हवेतला दमटपणा मोजायचं एक यंत्र. पुस्तकात लिहिलेलं, कापडाची चाचणी घेताना खोलीतली हवा कायम एकसारखी कोरडी पाहिजे. रत्नागिरीत! अहो, इथे जुलैत डब्यातला पापडसुद्धा लोळागोळा होतो. ते यंत्र पहिल्याच पावसात आतून भिजलं आणि बंद पडलं. काकाने त्यावर टोपी अडकवायला सुरुवात केली.

मी उझमा. उझमा मजीद होडेकर, राजिवड्याची, पहिल्या बॅचची. १९९८ साली मी आणि आणखी काही पोरी इंजिनिअरिंगचा दोन वर्षांचा डिप्लोमा म्हणून तिथे शिरलो. मोहल्ल्यातल्या बायकांना हसू आवरेना. "इंजिनिअर होणार म्हणे, आणि काज-बटन शिकतेय!" माझी अम्मी कुलसुम तर उघडच म्हणायची, "शिवण मी फुकट शिकवलं असतं, त्याला मिरजोळ्यापर्यंत एसटीने कशाला जायला पाहिजे?"

अब्बा जहाजावर. वर्षातले बरेच महिने कुठल्या तरी बंदरात. एकदा कुठून तरी फोन आला आणि त्यांनी खरखरत्या लाइनवर निकाल देऊन टाकला, "उझमा, डिप्लोमा हातात आला तर पुढे नोकरी कर, काही कर, मी मध्ये पडणार नाही. नाही आला, तर मस्कतवाल्यांना हो म्हणतो." मस्कतवाले म्हणजे अद्नानच्या घरचे. अद्नान वाईट नव्हता, उगाच कशाला खोटं बोलू. पण मला कुणाच्या तरी घरी रिकाम्या हाताने जायचं नव्हतं. आपलं म्हणून काहीतरी कमावून जायचं होतं. ते कमावण्याचं माझं एकच ठिकाण, ही गळकी शेड.

माझ्या बाकावर श्रद्धा बसायची. श्रद्धा म्हणजे काकाची मुलगी. कर्मचाऱ्याच्या मुलीला फी माफ, म्हणून काकाने तिला तिथेच घातली होती. बाप झाडू मारतोय आणि मुलगी त्याच खोलीत धाग्याचा पीळ मोजतेय. श्रद्धाला लाज वाटायची का? सुरुवातीला वाटायची. पण काका तिला लाजायला सवडच द्यायचा नाही. येईल त्याला सांगायचा, "ती तिसऱ्या बाकावरची बघितलास? माझी पोर. इंजिनेर व्हतेय." पोस्टमनला सांगायचा. गॅसवाल्याला सांगायचा. एकदा चुकून शेडमध्ये शिरलेल्या बैलाला हाकलतानाही सांगितलान, आणि हे मी स्वतः ऐकलंय.

कामाचं म्हणाल तर काका अगदीच यथातथा. झाडू मारायचा तो बाकांच्या भोवतीने, बाकांच्या खालून कधीच नाही. कापड कापायच्या मोठ्या टेबलावर दुपारी झोपायचा आणि वर खडूने आखलेलं आमचं माप सगळं त्याच्या पाठीला उमटायचं. मशिनीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण एक गोष्ट त्याच्याकडे अशी होती, की जी आख्ख्या कॉलेजात कुणाकडे नव्हती. काका गाऱ्हाणं घालायचा.

पालीच्या पुढे त्याचं गाव. तिथे गाऱ्हाण्याचा मान त्याच्या घराकडे. म्हणजे पालखी निघायची असो, लावणीला सुरुवात असो, कुणाचं पोरगं मुंबईला चाललेलं असो, काकाने हात जोडून देवापुढे उभं राहायचं, सगळं खरंखरं देवाच्या कानावर घालायचं आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी ओरडायचं, "व्हय म्हाराजा!" यात ओरडणाऱ्याने विचार करायचा नसतो. वाक्य संपलं की तोंडातून आपोआप निघतं. आवाज तर त्याचा असा, की समोरच्या कारखान्यातला वॉचमन धोंडू फाटकावरून दचकून बघायचा.

कॉलेजात ही प्रथा कशी सुरू झाली, तर एकदा परीक्षेच्या आदल्या दिवशी. आम्ही सगळ्या रडकुंडीला आलेल्या. काकाने टोपी काढली, हात जोडले आणि सुरू झाला. "बा भैरी देवा म्हाराजा! ह्या पोरीनी वर्सभर काय्येक अभ्यास केलेला न्हाय म्हाराजा!" आम्ही ओरडलो, "व्हय म्हाराजा!" "टीवीवरच्या मालिका बघितल्या म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "ही उझमा तर कालसुद्धा खिडकीतून बाहेर बघत व्हती म्हाराजा!" माझ्याही तोंडातून निघालंच, "व्हय म्हाराजा!" आणि मग, "तरीपन लेकरां हायत. पोटात घाल आनि पास कर रे म्हाराजा!" हसून हसून आमच्या डोळ्यांतून पाणी आलं. पास झालो. मी घरी सांगितलं तेव्हा अम्मी म्हणाली, "देव कुणाचाही असो, माणसाने खरं सांगितलंन ना? मग झालं."

नंतर मी त्याला म्हटलं, "काका, जरा चांगलं सांगायचं होतं. मुली हुशार आहेत, कष्टाळू आहेत." तर काका माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागला, की मी जणू त्याच्या जेवणात माती टाकली. "बाय, गाऱ्हान्यात खोटा बोलला ना, तर पुढच्या येळला देव ऐकत न्हाय. मानसांशी काय वाटेल ता बोलावा. देवाशी न्हाय." आणि माणसांशी काय वाटेल ते तो खरोखरच बोलायचा. बिडी ओढली नाही म्हणून बिडीचा धूर तोंडातून सोडत सांगायचा.

दुसऱ्या वर्षी नवे प्राचार्य आले. कोल्हापूरकडचे. कपडे असे कडक, की बसताना आवाज यायचा. आम्ही त्यांचं नाव 'इस्त्री' ठेवलं. माणूस दुष्ट नव्हता, पण सगळं छान दिसलं पाहिजे, एवढाच त्याचा धर्म. दसऱ्याला मशिनींची पूजा झाली, काकाने गाऱ्हाणं घातलं आणि इस्त्री खूश. "वा! काय लोककला आहे!" सगळ्यांत मोठ्याने 'व्हय म्हाराजा' तेच ओरडले. त्यांना तो गाण्याच्या कार्यक्रमासारखा प्रकार वाटला. त्यात बोललेलं कुणीतरी खरंच ऐकत असतं, असं काकाला वाटतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

आणि मग मार्चमध्ये पत्र आलं. तपासणी समिती येणार. विभाग सुरू करताना संस्थेने वर लिहून दिलं होतं, की आमच्याकडे कारखान्यात असतात तशी विजेवरची शिलाई मशिनं आहेत, कापडाच्या कडा बांधणारं ओव्हरलॉक आहे, काज करायचं मशीन आहे, कापडाचे थर एका दमात कापणारं मशीन आहे. यातलं काही म्हणजे काहीच आमच्याकडे नव्हतं. आम्ही ओव्हरलॉक फळ्यावर शिकलो होतो, खडूने. समितीला मशिनं दिसली नाहीत तर मान्यता रद्द, आणि मान्यता नाही तर आमची शेवटची परीक्षा नाही. दोन वर्षं पाण्यात. मला रात्री स्वप्नात मस्कत दिसायला लागलं.

इस्त्रीने शक्कल काढली. समोरच्या कपड्यांच्या कारखान्यात हे सगळं होतं, आणि कारखाना शिमग्यासाठी बंद होता. शिमग्याला आमच्याकडचा माणूस कामावर थांबत नाही, मालकाने सोन्याचा पगार देऊ केला तरी पालखीला गावी जातो. मालक आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचा साडू. बोलणं झालं, टेम्पो आला, मशिनं आली. आम्ही पोरींनी पुसून लख्ख केली, त्यांच्यावरच्या कारखान्याच्या पट्ट्यांवर आमच्या विभागाचे कागद चिकटवले. खोटेपणा होता? होता! मला काडीचंही वाईट वाटलं नाही. दोन वर्षं आम्हाला फसवणारे तेच, आता दोन दिवस समितीला फसवून आमचं कल्याण होत असेल तर मी आणखी चार कागद चिकटवायला तयार होते.

काका मात्र त्या मशिनांभोवती घुटमळत होता. "साहेब, ही आपली झाली काय?"

"आपलीच समजा," इस्त्री म्हणाले. "आणि आत्माराम, समिती आली की सुरुवातीला तुमचं ते गाऱ्हाणं. पाहुणे खूश झाले पाहिजेत."

काका दोन पावलं मागे सरकला. "नको साहेब. दुसरा काय ता सांगा. वाटल्यास नाचतो. गाऱ्हाना नको."

"का?"

"मशिनी दुसऱ्याच्या हायत. माझ्या तोंडातून खोटा निघायचा न्हाय."

"अहो, खोटं कोण बोला म्हणतंय? चार चांगली वाक्यं बोलायची आणि बसायचं." मग इस्त्रीने आवाज खाली आणला. "तुमची मुलगी याच वर्गात आहे ना? तिचं वर्ष वाचवायचंय की नाही?"

त्या संध्याकाळी एसटी स्टॉपवर श्रद्धाने बापाला धरलं. मी शेजारीच होते. "बाबा, देवाला काय कळतंय मशीन कुणाची ते? दोन मिनिटं बोला आणि गप्प बसा. माझ्यासाठी." काका नुसता रस्त्याकडे बघत राहिला. मला त्याची दया आली आणि रागही आला. एवढं काय मोठं मागत होतो आम्ही?

समिती आली. तिघं जण. अध्यक्ष नागपूरचे, घामाघूम झालेले, रुमाल मानेवर. दुसरे मुंबईचे, त्यांनी सगळा वेळ घड्याळ बघितलं. तिसरे जरा वयस्कर, मूळचे देवरुखचे. आम्ही साड्या नेसून रांगेत. मधे ती चकचकीत मशिनं. नारळ मांडलेला, अगरबत्ती लावलेली. इस्त्री पुढे होऊन म्हणाले, "आता आमच्या कोकणच्या परंपरेप्रमाणे..." आणि काकाला खूण केली.

काकाने टोपी काढली. हात जोडले. डोळे मिटले.

"बा भैरी देवा म्हाराजा! बारा वाड्यांच्या, बारा वाटांच्या राखनदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळ्या. देवरुखचे गृहस्थ तर हात जोडून उभेच राहिले, लहानपण आठवलं असावं.

"आज ह्या बर्फाच्या कारखान्यात लांबलांबची मोठी मानसां आलीत. त्यांच्या गाडीला, त्यांच्या पोटाला सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या लेकी दोन वर्सां गळक्या पत्र्याखाली बसून शिकल्यात. त्यांच्या पदरात यश घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" माझ्या जिवात जीव आला. मनात म्हटलं, काका, आता बास. आता बसा.

काका थांबला. घसा खाकरला. श्रद्धाने माझा हात इतका करकचून दाबला की बांगडी रुतली.

"आता ह्या मशिनी म्हाराजा. ह्या समोरच्या कारखान्यातल्या गोरगरिबांच्या पोटाच्या मशिनी हायत. ती मानसां शिमग्याला घरी गेलीत, आनि त्यांना न इचारता आमी त्या उचलून आनल्यात. परत जागेवर जाईपर्यंत एका सुईलासुद्धा धक्का लागू देऊ नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

ओरडलो. सगळ्या ओरडलो, मीसुद्धा. आणि सगळ्यांच्या वर इस्त्रीचा आवाज! माणूस इतका रंगला होता की शब्द कानातून डोक्यात जायच्या आधीच तोंडातून होकार निघून गेला.

"आनि आमच्या साहेबाने ह्यो उद्योग पोरींच्या भल्यासाठी केलान. त्याला काय शिक्षा लावू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हा..." इस्त्रीचा आवाज तिथे मधेच मेला. बाकीच्यांनी पूर्ण केलं. देवरुखच्या गृहस्थांनीही.

 नागपूरच्या अध्यक्षांनी मान पुसली. "मशिनं कुणाची म्हणाले हे?"

"सर, ती... लोककला आहे," इस्त्री म्हणाले. कपाळावरून घाम, आणि शर्टाची सगळी इस्त्री गेलेली. "त्यात काहीही म्हणतात. प्रतीकात्मक."

अध्यक्षांनी रांगेकडे बघितलं. माझ्यावर नजर आली, पुढे सरकली आणि श्रद्धावर थांबली. त्यांना काय माहीत ती कोण. "तू सांग मुली. हा माणूस म्हणतो ते खरं आहे का?"

या अल्ला! मी मनातल्या मनात म्हणत होते, नाही म्हण, श्रद्धा, नाही म्हण. एक शब्द. आपल्या सगळ्यांचा डिप्लोमा त्या एका शब्दात आहे. श्रद्धाने बापाकडे बघितलं. काका मान खाली घालून उभा, टोपी हातात चुरगाळलेली.

"खरं आहे सर," श्रद्धा म्हणाली. "ओव्हरलॉक आम्ही काल पहिल्यांदा बघितलं. आणि हा माणूस माझे वडील आहेत."

त्या दिवशी नारळ फोडायचा राहूनच गेला.

दोन दिवसांनी काकाला काढून टाकलं. कारण काय दिलं, तर बेशिस्त. मी त्याच्या घरी गेले ती भांडायलाच. तो अंगणात काथ्या वळत बसला होता. मी तोंडाला येईल ते बोलले. "काका, तुमचा देव पास झाला, आणि आम्ही सगळ्या नापास! तुमचं ते गाऱ्हाणं माझ्या लग्नाच्या जेवणावळीत घाला आता!" तो काथ्या वळतच राहिला. श्रद्धा आतून चहा घेऊन आली. मला म्हणाली, "ओरडून झालं असेल तर पी." मी चहा प्यायले आणि रडले. रागाने रडले, काकाच्या मायेने नाही. तेव्हा माया वगैरे काही नव्हती.

पण नागपूरचा तो घामाघूम माणूस वाटला त्यापेक्षा भला निघाला. एप्रिलमध्ये समितीचा निर्णय आला. विभागाचे नवे प्रवेश बंद, खरी मशिनं येईपर्यंत. आमच्या बॅचला मात्र परीक्षेला बसता येईल, पण आधी सगळी प्रात्यक्षिकं खऱ्या मशिनांवर पूर्ण करायची. मशिनं उचलून देता येतात तर पोरींना आतही घेता येईल, असं त्यांनी कारखान्याच्या मालकाला तोंडावर सांगितलं होतं म्हणे. मालक लाजेकाजेने तयार झाला. सकाळी कामगार यायच्या आधी आम्ही जायचं. त्याची अट एकच, पोरींबरोबर कॉलेजचा माणूस पाहिजे. तो नसला तर फाटक उघडणार नाही.

आम्ही इस्त्रीकडे गेलो. इस्त्री म्हणाले, "माझ्याकडे माणूस नाही. होता तो तुम्हाला माहीतच आहे कुठे गेला." एवढं बोलून फायलीत डोकं घातलं. म्हणजे परवानगी मिळूनही आम्ही पुन्हा बाहेरच. एवढी चीड मला आयुष्यात कधी आली नव्हती.

पहिल्या दिवशी तरीपण गेलो. धोंडू वॉचमन फाटकाच्या आत, आम्ही बाहेर. "कॉलेजचा मानूस कुठाय?" धोंडू विचारतोय आणि आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघतोय. तेवढ्यात मागून सायकलची घंटी वाजली. काका! अंगात कॉलेजचा खाकी ड्रेस, डोक्यावर टोपी, जणू काल सुट्टीवर होता.

"ह्यो काय मी," काका धोंडूला म्हणाला. "कॉलेजचा मानूस. उघड."

धोंडूने उघडलं. आत गेल्यावर मी काकाच्या कानाशी लागले, "काका, हे खोटं नाही काय?"

"खोटाच हाय," काका म्हणाला. "धोंडू काय देव हाय?"

त्यानंतर रोज. काकाला दुसरं काम मिळालेलं नव्हतं, मग सकाळी आमच्याबरोबर यायचा, आम्ही शिकेपर्यंत दाराशी स्टुलावर बसायचा, आणि बरेचदा घोरायचा. आमच्या शेडच्या खिडकीतून इस्त्रीला फाटक सरळ दिसायचं. त्यांनी पाहिलं नसेल, असं होणारच नाही. पण ते काही बोलले नाहीत, आणि एवढ्यापुरतं मी त्यांना माफ केलं.

मग एक दिवस कॉलेजच्या ऑफिसातून माणूस काकाच्या घरी जाऊन ड्रेस परत घेऊन आला. कॉलेजची मालमत्ता म्हणे. दुसऱ्या दिवशी काका चौकडीच्या शर्टात आला. "ड्रेस कुठाय?" धोंडूने विचारलं. "धुवायला टाकलाय." त्याच्या दुसऱ्या दिवशीही धुवायलाच होता. तिसऱ्या दिवशी धोंडूने कपाळाला आठी घातली. "ह्यो ड्रेस धुवायला समुद्रात टाकलायस काय रे?" 

आत गेल्यावर श्रद्धाने सगळ्यांत आधी तोंड उघडलं. "परीक्षेआधी आपल्याला एक पुरुषी शर्ट शिवून दाखवायचाच आहे. खाकी शिवू." आमच्या वर्गातल्या तुळसा गावडेने तिच्या मामाच्या दुकानातून कापड आणलं. माप घ्यायचं कसं, तर काका स्टुलावर झोपला होता, तसंच घेतलं. मी कापला. ओव्हरलॉक तुळसाने मारलं. कॉलर श्रद्धाने लावली, दोनदा उसवून, कारण पहिल्यांदा वाकडी आली आणि तिला ते सहन होईना. एक बाही जरा लांब झाली, ती माझी चूक, कबूल. पण कारखान्यातल्या वाफेच्या इस्त्रीने असा कडक केला, की प्राचार्यांनीही मागितला असता.

काकाला उठवून घातला. तो कॉलर चाचपत राहिला, बटणं चाचपत राहिला. मग म्हणाला, "खिसा जरा मोठा पायजे व्हता. बिडीचा बंडल मावत न्हाय." श्रद्धा भडकली आणि आम्ही हसत सुटलो. दुसऱ्या दिवशी धोंडूने फाटकावर त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि बाहीकडे जरा जास्तच वेळ बघितलं, पण फाटक उघडलं.

परीक्षा झाली. निकाल लागला तेव्हा पाऊस चालू होता. आम्ही सगळ्या पास. मी घरी धावत जाऊन अम्मीला सांगितलं, अम्मीने मोहल्ल्याला सांगितलं, आणि अब्बांचा फोन आला तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं, "खरंच?"  शेवटी म्हणाले, "ठीक आहे. शब्द म्हणजे शब्द." अद्नानच्या घरच्यांना थांबा म्हणून कळवलं. मी समोरच्याच कारखान्यात लागले, श्रद्धाही. ते सगळं पुढचं.

निकालाच्या दिवशी दुपारी श्रद्धा पेढे घेऊन आली. मागून काका. आम्ही समोरच्या कारखान्यात मालकाला पेढा द्यायला निघालो, पण काका फाटकावरच थांबला. धोंडूच्या हातात पेढा ठेवला आणि म्हणाला, "धोंडू, एक सांगायचा हाय. आता निकाल लागला, आता सांगतो. मी कॉलेजचा मानूस नव्हतो. मला कधीच काढून टाकलान."

धोंडूच्या तोंडात पेढा अर्धा. "आरे मेल्या! मग रोज कोन म्हनून येत व्हतास?"

काकाने श्रद्धाकडे बोट दाखवलं. "हिचा बाप म्हनून."

श्रद्धा तिथेच फाटकाला टेकून रडायला लागली, मोठ्याने, लहान पोरीसारखी. मीही. छत्री कुणाच्याच डोक्यावर नव्हती. धोंडूला काय करावं सुचेना, त्याने आणखी एक पेढा घेतला आणि फाटक उघडून उभा राहिला.